उलटी सही

जयवंत सरांनी माझ्या फाइलमधल्या नऊ या आकड्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढला आणि म्हणाले, "हे सहा करा." एवढंच झालं. आरडाओरडा नाही, अपमान नाही, काही नाही. शनिवारची दुपार होती, अंधेरीच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आम्ही बत्तीस बाप्ये गळ्यात टाय अडकवून बसलो होतो, पंखे गरम वारा खाली ढकलत होते, आणि जमिनीवरच्या ओलसर गालिच्याला कुबट वास येत होता. त्या वासात फिनेलचा, अंडा-पफचा आणि बत्तीस जणांच्या नायलॉनच्या टायखालच्या घामाचा वास मिसळला होता. टाय सक्तीचा. गुंतवणूक सल्लागारानं टाय लावला नाही तर क्लायंटचा विश्वास बसत नाही म्हणे. माझा टाय प्रेमानं, माझ्या बायकोनं, बोरिवली स्टेशनबाहेरून आणला होता, आणि त्याच्यावर लहान लहान नांगर होते. बोटीचे. बेचाळिसाव्या वर्षी गळ्यात नांगर घालून मी परीक्षकासमोर उभा होतो आणि "हो सर" म्हणत होतो.

नऊ म्हणजे नऊ वर्षं. ती वर्षं माझ्या आतेची. शहाऐंशी साल, ज्याला त्याला शेअरचं वेड लागलेलं, फुटपाथवर फॉर्म विकले जात होते. तेवढ्यात आमच्या ट्रस्टच्या गुंतवणूक खात्यात सर्क्युलर आलं की ज्यांच्याकडे या अंधेरीच्या संस्थेचं प्रमाणपत्र नसेल त्यांना एक एप्रिलपासून आवक-जावकला पाठवण्यात येईल. एकोणीस वर्षं त्या खात्यात घासल्यावर पाकिटांना तिकिटं चिकटवायची! म्हणून मी या कोर्सला आलो. सहा महिने शनिवार घातले, लेखी पेपर सुटले, आणि शेवटी राहिलं ते प्रॅक्टिकल. एक खरा क्लायंट घ्यायचा, त्याचा सोळा रकान्यांचा फॉर्म भरायचा, त्याची पुंजी कुठे किती गुंतवायची आणि दरमहा किती उचलायची याची योजना करायची, क्लायंटनं सही करून ती मान्य करायची. रकाना अकरा : अपेक्षित उर्वरित आयुष्य, वर्षे. सरांचं एक लाडकं वाक्य होतं, ते प्रत्येक तासाला यायचं. "क्लायंट आणि पैसा एकाच दिवशी संपले पाहिजेत. मागे उरलेला रुपया म्हणजे सल्लागाराची चूक." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं होतं. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मी ते वहीत उतरवून खाली रेघ मारली.

"सर, आयुर्मानाच्या तक्त्यात नऊच येतात," मी म्हणालो. "वय अडुसष्ट, स्त्री, शहरी."

"तक्ता बरोबर आहे हो. वजावट कुठाय? राहणीमान वजावट विसरलात." त्यांनी सायक्लोस्टाइल केलेला कागद पुढे ओढला. त्यांची नखं गुलाबी आणि स्वच्छ होती, इतकी स्वच्छ की बघवेनात. "पाणी घरात की बाहेर?"

"बाहेर."

"एक गेलं. संडास?"

"सामायिक."

"दोन. घर कुठे म्हणालात?"

"असल्फ्याच्या डोंगरावर, सर. घाटकोपरला. पायऱ्या आहेत ऐंशी-नव्वद."

"तीन गेली. सहा." त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. "आणि चेहरा पाडू नका. सहा केल्यावर तिलाच महिन्याला जास्त उचलता येतं. तुम्ही उलट तिचं नुकसान करत होता."

"आणि सातव्या वर्षी, सर?"

"सातवं वर्ष आपल्या योजनेत येत नाही."

यावर कुणी काय म्हणेल? कुणी टेबल उलथेल, कुणी निदान गप्प बसेल. मी म्हणालो, "बरोबर आहे सर." वर हसलोसुद्धा. तो नियम मला पाठ होता, खाडाखोड केल्यास शेजारी क्लायंटची सही हवी, तरी मी तो त्यांना परत विचारला, त्यांना बरं वाटावं म्हणून. "अर्थात," ते म्हणाले, "क्लायंटच्या संमतीशिवाय आपण काही बदलत नाही." मला स्वतःची इतकी शिसारी आली की जिना उतरताना मी कठड्याला हातही लावला नाही. उगाच वाटलं, माझ्या हाताचं काहीतरी त्याला लागेल.

खाली इराण्याकडे रतन बसला होता. आमच्याच बॅचचा, एका दलालाच्या ऑफिसातला, वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि सगळ्याच बाबतीत हुशार. मी अर्धी ब्लेड काढली आणि आकडा खरवडायला बसलो. तो बघत राहिला. "सही लागेल ना आता? आण इकडे, मी मारतो. पाच सेकंदाचं काम."

"अरे, क्लायंटची लागते."

"तेच तर. क्लायंट कोणाय तुझा?"

"माझी आते."

रतननं कप खाली ठेवला. "म्हणजे खरी? खरीखुरी बाई?" आणि तो असा हसला की शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघायला लागला. "चंद्रप्रकाश, यार, तू पण कमाल आहेस! बत्तीसच्या बत्तीस लोकांनी क्लायंट घरी बसून बनवलेत. माझा तर निवृत्त कर्नल आहे, त्याला मी घोडापण दिलाय. खरा माणूस कोण आणतो रे प्रॅक्टिकलला?"

मी आणला होता. फॉर्मवर 'खरा क्लायंट' असं छापलं होतं म्हणून आणला होता. एकोणीस वर्षांच्या कारकुनीत छापलेला शब्द मी कधी मोडला नव्हता. आणि तेव्हाही, हे मला नीट आठवतं, रतन पेन उघडून बसलेला असताना मी म्हणालो, "नको, खोटी सही नको. असलं मला जमत नाही." केवढ्या तोऱ्यात म्हणालो! त्यानं ती सही मारली असती तर त्या दिवशीच सगळं मिटलं असतं, आतेपर्यंत काही पोचलंच नसतं. पण मी प्रामाणिक माणूस. आकडा खरवडताना कागदाचा भुसा सुटला, मी फुंकर मारली, तो माझ्याच चहात पडला, आणि मी तो चहा प्यायलो. साठ पैशांचा चहा टाकून कसा द्यायचा? घशात काहीतरी बारीक चिकटून राहिलं. दिवसभर खाकरत होतो. खरवडलेल्या जागी सहा लिहिला तर शाई फुटली, आणि आकडा चांगला जाडजूड, ठसठशीत झाला.

रविवारी सकाळी प्रेमाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मग त्यात काय एवढं? आत्यांना कुठं दिसतंय धड? सही घ्या आणि या. येताना घाटकोपरहून ती फरसाणाची पुडी आणा." मी म्हटलं, "अगं, माणसाची तीन वर्षं आहेत." तर ती म्हणाली, "तुम्ही खोडलीत म्हणून काय त्या खरंच मरणार आहेत?" बरोबरच आहे तिचं. अगदी बरोबर. मला असली बरोबर बोलणारी माणसं अलीकडे सहन होत नाहीत, आणि घरी दारी दुसरी कुणी भेटतही नाहीत. दोन बस बदलून मी घाटकोपरला निघालो. मांडीवर फाइल, फाइलवर हात. शेजारी बसलेल्या माणसानं केसांना भरपूर तेल लावलं होतं आणि त्याचं डोकं सारखं माझ्या खांद्याकडे कलत होतं. मी अंग चोरत चोरत खिडकीला चिकटलो, आणि काचेत मला माझं तोंड दिसलं. नाकपुड्या वर ओढलेल्या, ओठ मुडपलेले. आयुष्यभर कुणीतरी माझ्या नाकाखाली काहीतरी धरून ठेवलंय असं तोंड.

आतेनं असं तोंड कधी केलं नाही. म्युनिसिपालटीच्या एका सूतिकागृहात ती तेहतीस वर्षं आया होती. जगात जेवढी म्हणून घाण आहे ती तिनं उघड्या हातांनी उचलली, आणि घरी येऊन त्याच हातांनी मला भात कालवून घातला. मी दहा वर्षांचा असताना बाबांनी मला शिकायला तिच्याकडे पाठवलं. ती स्वतः गावी न्यायला आली होती. एसटी घाटात वळायला लागली तशी मला मळमळायला लागलं, खिडकी अडकलेली, सगळे ओरडायला लागले, पुढची बाई तर पदर सावरून उठूनच उभी राहिली. आतेनं शांतपणे दोन्ही हातांची ओंजळ माझ्या तोंडाखाली धरली. "कर, हातार कर. लाजू नको." आणि मी केली. तिच्या ओंजळीत. ती ओंजळ तशीच धरून पुढच्या थांब्यापर्यंत बसून राहिली, माझ्याकडे बघून हसत. सूतिकागृहात जन्मलेल्या पोरांच्या मनगटाला आकड्याची पट्टी बांधायचं काम तिचं होतं. अक्षर जेमतेम सहीपुरतं, पण इंग्रजी आकडे तिला पक्के. "पोर बदललां तर आवशीक काय सांगू? माझो आकडो कधी चुकाक नाय," असं ती अभिमानानं सांगायची. क्लायंट म्हणून मला तीच सुचली आणि गेल्या महिन्यात मी फॉर्म भरायला तिच्याकडे गेलो, याचं कारण साधं होतं. तिच्या फंडाची रक्कम बँकेत नुसती पडून होती आणि ती म्हणाली होती, "तुझी परीक्षापण होयत आणि माझां कामपण होयत. तू सांगशील तसां." म्हणजे हा खेळ नव्हता. जी योजना मंजूर होईल तिच्याप्रमाणे मी तिचे पैसे खरोखरच लावणार होतो.

वर चढून गेलो तर आते दारातच बसली होती. डोळ्यावर हात धरून तिनं मला आवाजावरून ओळखलं. "इलंस रे चंदू? ये. धापा टाकतंस म्हाताऱ्यासारखो." तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदूचा पांढरा ठिपका आता लांबूनही दिसत होता. आत आलो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. फळी रिकामी होती. तिची पितळेची भांडी, तो मोठा टोप, ती नावं घातलेली ताटं, ज्यांना ती मला हात लावू द्यायची नाही, त्यातलं काही नव्हतं.

"भांडी कुठं गेली गं?"

"दिली. कमलच्या चेडवाचां लगीन आसा ना. माका एकटीक काय करूची आसत?"

शेजारची कमल चहाचा कप घेऊन आलीच. आतेच्या सूतिकागृहात ती झाडूकाम करायची, दोघींची तीस वर्षांची सोबत. कप माझ्या हातात देत ती तक्रारीच्या सुरात म्हणाली, "तुम्ही तरी सांगा हो भाऊ यांना. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. एवढ्या चकरा मारून मिळाली! बाईंनी जाऊन परत केली."

"परत केली? का?"

आते पदरानं ट्रंक पुसत होती. आमचं टेबल म्हणजे ती ट्रंक, तिच्या अलीकडे मी आणि पलीकडे ती, लहानपणी अभ्यासाला बसायचो तशीच. "कित्याक डोळे कापून घेवचे? सहा वर्सांसाठी? तेवढां दिसता माका. भाताचो डबो दिसता, देव दिसता. बस झाला."

माझा कप हातात तसाच राहिला. काल खरवडलेला आकडा हिला डोंगरावर बसून कसा कळला? "कोण म्हणालं सहा?"

"तूच लिवलंस मरे! हयच बसून. मी बघलंय ना. विचारलंय पण तुका, ह्यां काय, तर तू म्हणालंस, पैशे किती वर्सां पुराक होयत त्याचो आकडो. मी म्हटलंय, बरां." ती अगदी सहज बोलत होती. "पयले दोन दिवस जरा कसांसाच झालां. मगे म्हटलंय, चंदू एवढो शिकलेलो, तो काय उगाच लिवतलो? मगे भांडी वाटली."

तेव्हा मला कळलं. त्या दिवशी मी इंग्रजीत नऊ लिहिला होता, पण ती ट्रंकेच्या पलीकडे बसली होती. पलीकडून नऊचा सहा दिसतो. एवढंच. महिनाभर माझी आते सहा वर्षांचा हिशेब मनात धरून या खोलीत वावरत होती, भांडी वाटत होती, डोळ्यांची तारीख परत करत होती, आणि एकदाही मला जाब विचारला नव्हता. आणि मी? मला त्या क्षणी दया आली का? खोटं कशाला बोलू. पहिली जी गोष्ट मनात आली ती ही, की बरं झालं, हिला सहाची सवय झालेलीच आहे, आता सही घ्यायला सोपं जाईल. हा विचार माझा होता. माझ्या डोक्यातून, माझ्या हाडामांसातून आला होता तो. काल जयवंत सरांच्या स्वच्छ नखांकडे बघून मला किळस आली होती. त्यांच्यात आणि माझ्यात आता फक्त नखांचा फरक उरला होता.

मी फाइल काढली, रकाना अकराचं पान उघडून ट्रंकेवर ठेवलं. माझ्या बाजूनं सरळ, तिच्या बाजूनं उलटं. मुद्दाम नाही, सवयीनं. "आते, इथं जरा खाडाखोड झालीय. आकडा बदललाय. शेजारी तुझी सही पाहिजे," मी म्हणालो. शब्द अगदी नीट आले, सरावाचे.

ती वाकली. नाक कागदाला लागेल इतकी वाकली. त्या फुटलेल्या शाईच्या ठसठशीत आकड्यावरून तिनं बोट फिरवलं, आणि एकदम मान वर केली.

"अरे! ह्यो तर नऊ!"

मी पेन काढून ट्रंकेवर ठेवलं.

"कमल, बघ गो, नऊ केल्यान! वाढवलंस रे? का तुझ्या सायबान वाढवल्यान?"

"साहेबांनीच बदलायला सांगितलं," मी म्हणालो. आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"तीन वर्सां! देव बरां करो त्या सायबाचां. माका न बघता वाढवल्यान मेल्यान!" ती हसायला लागली, तोंडावर पदर धरून, एखाद्या पोरीसारखी. डोळ्यातून पाणी आलं तिच्या. कमलपण हसत होती. मला मात्र पोटातून काहीतरी वर येताना जाणवलं, आंबट, कडू, अगदी जिभेच्या मुळापर्यंत. 'आते, तो सहाच आहे.' एवढे चार शब्द. ती समोरच होती, तिची ओंजळ समोर होती, मी ओकलो असतो तरी तिनं ती पुढे केली असती. मी गिळून टाकलं. एक एप्रिल, आवक-जावक, पाकिटं, डिंक, हे सगळं मला दिसत होतं, स्वच्छ दिसत होतं, माझ्या डोळ्यात कुठं मोतीबिंदू होता?

"सही खंय करू?" तिनं पेन घेतलं आणि कागद आपल्याकडे फिरवायला हात घातला. मी पंजा कागदावर दाबून धरला.

"हलवू नको गं. शाई ओली आहे."

कालची शाई. ती बिचारी थांबली. "मगे अशीच करू?"

"अशीच कर. तुझ्या बाजूनं."

आणि तिनं केली. सावकाश, एकेक अक्षर जोडत, वनमाला, वर रेघ देऊन. माझ्या बाजूनं ती सही उलटी होती. तिच्या बाजूनं सरळ, शेजारी नऊ. पेन खाली ठेवून ती कमलला म्हणाली, "गो, ती डॉक्टराची चिठ्ठी खंय ठेवलंस? उद्या जाव्या आपण. नऊ वर्सां आंधळ्यान कशी काढूची?" मग माझ्याकडे वळली. "आणि चंदू, डोळे बरे झाले की ह्यो कागद माका दाखव हां. नीट वाचतलंय माझ्या डोळ्यांनी." मी "हो" म्हणालो. पायऱ्या उतरताना मध्ये एका गटाराशी थांबलो, वाकलो, ओकारी येईल म्हणून वाट बघितली. आली नाही. खाली जाऊन मी फरसाणाची पुडी घेतली आणि बस पकडली.

तिचं ऑपरेशन दोन महिन्यांनी झालं. झकास झालं, कमलनं ट्रस्टच्या नंबरावर फोन करून कळवलं. आता जाड भिंगांचा चष्मा गुरुवारी मिळणार होता. या दोन महिन्यांत मी एकदाही तिकडे फिरकलो नाही. प्रेमाला सांगितलं, परीक्षा आहे. स्वतःला समजावलं, फाइल संस्थेत जमा आहे, परत मिळायची नाही, आतेला सांगू की साहेबांनी ठेवून घेतली. तिचे पैसे मात्र योजनेप्रमाणे लावून टाकले होते, कारण मंजूर योजना राबवल्याची पावती जोडल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. आतेला महिन्याचे पैसे नियमित पोचत होते, आणि जास्त मिळतात म्हणून ती खूश होती.

मंगळवारी प्रमाणपत्राला गेलो. तोच हॉल, तोच गालिचा, तोच वास, फक्त या वेळी टेबलावर प्लास्टिकची फुलं होती. जयवंत सर एकेकाची फाइल शेवटची तपासून शिक्का मारत होते. रतनच्या कर्नलला दहा सेकंद लागले. माझी फाइल उघडली आणि त्यांचा हात थांबला. सही नमुन्याशी जुळते का ते बघायला त्यांनी फाइल उलटी फिरवली, नाक जवळ नेलं, आणि भुवया चढवल्या.

"हे काय? मी तुम्हाला सहा करायला सांगितलं होतं. हे तर नऊच दिसतायत."

मागे एकतीस जण उभे होते. कुणीतरी खोकलं. आतेनं बरोबर वाचलं होतं, एका प्रमाणित परीक्षकानंही तेच वाचलं होतं, आणि अजूनही मला नुसतं गप्प बसता आलं असतं. मी हात लांब केला आणि फाइल त्यांच्यासमोर परत सरळ केली.

"सहाच आहे सर," मी म्हणालो. "आपल्या बाजूनं सहाच आहे."

"हां हां. सही उलटी आहे होय." ते हसले. "अडाणी क्लायंट. चालायचंच." शिक्का पडला. प्रमाणपत्र हातात आलं, जाड कागद, खाली सोनेरी वर्तुळ. मी वळलो तर त्यांनी हाक मारली आणि माझी फाइल टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

"ही घेऊन जा. मूळ प्रत क्लायंटकडे राहते. नियम आहे, तिला वाचता आली पाहिजे."

फाइल माझ्या हातात होती आणि गुरुवारी आतेला चष्मा मिळणार होता.